नंदे, तुझं ते वाक्य

प्रिय नंदे,

सहा महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर नाही. सबबी सांगत बसत नाही. आज लिहायला बसले, कारण परवा रात्री माझ्या तोंडून तुझं वाक्य निघालं: “राज्यशास्त्राने चूल पेटत नाही.” वसतिगृहाच्या जिन्यात तू म्हणाली होतीस आणि मी दोन महिने तुझ्याशी अबोला धरला होता, तेच. परवा मी ते माझ्या लेकीला, मीराला म्हणाले. ती काही बोलली नाही. उठून खोलीत गेली, दार हळूच लावून घेतलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं गं.

तब्येती ठीक. माझा गुडघा आहे तसाच, अविनाशची शुगर ताब्यात.

तर मीराला इथे अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक आमच्या राज्याचं सरकारी विद्यापीठ, दुसरं लांबचं खाजगी कॉलेज. विषय दोन्हीकडे पोलिटिकल सायन्स, म्हणजे आपलं राज्यशास्त्रच, मन खाजगीवर. सरकारीत गेली तर तिच्या नावच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्जात भागतं. पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग दोन वर्षं साडेसात-साडेसात हजार. चार वर्षांचे २७,०००. दहा वर्षांत फेडायचे तर महिना तीनशेच्या आसपास. पहिल्या नोकरीत ओढाताण होईल, पण निभेल. खाजगीला मात्र त्यावर पालकांचं कर्ज, ते पेरेंट प्लस, काढावं लागणार आणि ते माझ्या नावावर. १ जुलै २०२६ पासून नव्याने काढणाऱ्यांना एका मुलामागे ६५,००० ची मर्यादा घातलीय. आम्हाला ती जवळजवळ पूर्ण लागेल. २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के होता, त्या हिशेबाने दहा वर्षं महिना आठशेवीस. तू बँकेत जन्म काढलास, तुला हे आकडे समजावून सांगायला नकोत. फक्त समोरच्या खुर्चीत या वेळी मी आहे.

आठवडाभर रोज रात्री सरकारची ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ ही वेबसाइट उघडून बसतेय. कॉलेज निवडायचं, विषय निवडायचा, की पदवीनंतरची कमाई आणि कर्ज शेजारी शेजारी दिसतं. कर्जाचा आकडा बघून हायसं वाटलं. मग बारीक मजकूर वाचला: त्यात पालकांचं कर्ज धरलेलंच नाही, ते वेगळं दाखवतात! म्हणजे ज्याने माझी झोप उडाली तेच त्या आकड्यात नाही. कमाईचंही तसंच. जी मुलं पुढे शिकतायत ती वगळलेली. या विषयातली कितीतरी मुलं लॉला जातात, मग तो आकडा नेमका कुणाचा? आणि मीराही लॉला गेली तर तिथे वर्षाला ५०,००० पर्यंतचं कर्ज पुन्हा वेगळं.

अविनाशने मला धीर द्यायला पोलिटिकल सायंटिस्टांचा पगार काढून दाखवला, सव्वा लाखाच्या वर. पण अख्ख्या देशात त्या जागा सात हजारांच्या आसपास, त्यातल्या जवळपास निम्म्या केंद्र सरकारच्या, शिवाय बहुतेक ठिकाणी एम.ए. लागतं. त्या सरकारने २०२५ च्या जानेवारीत भरतीच गोठवली होती. आणखी एक खाचखळगा सांगते. सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होतं, अशी योजना २००७ पासून आहे. मीरा तशा नोकरीत गेली तर तिच्या कर्जाला ती लागू होईल. माझ्या नावच्या कर्जाला मात्र माझी नोकरी बघतात, तिची नाही. आणि मी खाजगी कंपनीत.

एवढं सगळं कळूनही मी तिला सरळ “नको” का म्हणत नाही, ते तुलाच कळेल. गेल्या वर्षी ती शहर कौन्सिलच्या बैठकीला गेली होती. चार तास. कुठल्याशा जागेवर इमारत होऊ द्यायची की नाही, एवढाच विषय. परत आली ती वही घेऊन: कोण काय बोललं निळ्या पेनाने, मत कसं दिलं लाल पेनाने, आणि हिरव्याने दोन ठिकाणी “हा आधी उलट बोलला होता.” ती वही मी अजून जपून ठेवलीय. आपण घटना समितीच्या चर्चा वाचायचो तेव्हाचं माझं तोंड असंच दिसत असणार. (तू त्याच खंडांवर डोकं ठेवून झोपायचीस. पानावर तुझ्या तेलाचा डाग पडला होता, ग्रंथपालांनी मला ओरडा दिला. तो हिशेब बाकी आहे.)

तेव्हा मला न सांगता तू बँकेची परीक्षा दिलीस, याचा राग मी फार वर्षं धरला. तुझ्या घरचा हप्ता कोण भरत होतं, हे मी कधी विचारलंच नाही. परवा मीराच्या बंद दाराकडे बघताना पहिल्यांदा ते मनात आलं. चुकलं माझं, नंदे.

रोहनचं लग्न ठरल्याचं मला फोटोवरून कळावं? तारीख कळव. सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं ना? तुझ्या बदलीचं काय झालं?

खाजगी कॉलेजला मदत वाढवून द्या म्हणून पत्र धाडलंय, उत्तर यायचंय. कर्जाच्या कागदावर अजून सही केलेली नाही. मीरा रविवारी तुला फोन करेल, मीच सुचवलं. तिला आकडे स्वच्छ सांग, माझी बाजू घेऊ नकोस. आणि नोकरी लागल्यावर त्या खंडांची तुला कधी आठवण आली का, तेही सांग. मला कधी सांगितलं नाहीस.

तुझीच,
शुभा