बाग दुपारी उघडी ठेवा

महोदय,

मी 51 वर्षांची, सकाळच्या सत्रात गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि रात्री तीनला छातीत धडधडून जाग येऊ लागली. पंखा पाचवर, तरी मान घामाने चिंब. फळ्यावर वर्गसमीकरण सोडवताना उगाच डोळे भरून यायचे. ईसीजी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. डॉक्टरबाई म्हणाल्या, इस्ट्रोजेन हे पाळीशी निगडित संप्रेरक खालीवर होतंय, झोप बिघडते ती त्यानेच.

‘चालायला जा’ असं जो तो सांगतो. गेलेही, पण डोक्यात उद्याचा डबा घेऊन. मग एका मैत्रिणीने सावकाश चालायला शिकवलं. अनवाणी. आधी टाच, मग तळवा, मग अंगठा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. गच्चीवरच्या अठरा फरश्या ओलांडायला मला चार मिनिटं लागतात. शेजारचे हसतात, हसू देत. घामाच्या लाटा थांबलेल्या नाहीत, पण आता लाट आली तरी घाबरगुंडी उडत नाही. (गोळ्या चालू आहेत, त्या मनाने बंद केलेल्या नाहीत.)

तक्रार वेगळीच आहे. आमच्या भागातली बाग सकाळी दहाला बंद होते, ती थेट चारला उघडते. योगवर्ग पहाटे सहाला, म्हणजे नेमका पोळ्या लाटायच्या वेळी. 21 जूनला, योगदिनी, मंडप, पाहुणे, भाषणं. 22 जूनला सतरंज्यासुद्धा गायब. शाळा सुटल्यावर, साडेबाराला गच्ची तापलेली असते आणि बागेतल्या कडुनिंबाखाली सावली असते. तेवढं फाटक उघडं ठेवा.

– एक शिक्षिका, सातारा