गांजा सुटला, स्वप्नं परतली

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गांजा पकडल्याची बातमी तुमच्या अंकात आठवड्याला एक तरी असते. किती किलो, किंमत किती, कोण आत गेलं. ओढणारा त्यात कुठंच नसतो, म्हणून हे पत्र.

आमचं गाव सास्तूरजवळ. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. गणपती बोळवून उशिरा झोपलो होतो. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. सगळं अंगावर आलं. मला ओढून काढलं. शेजारी निजलेली आजी गेली.

पुढं पुण्यात टेम्पोवर असताना एकानं चिलीम हातात दिली. त्या रात्री पहिल्यांदा ते स्वप्न पडलं नाही. मग सतरा वर्षं ओढली. (ओढून गाडीवर कधी बसलो नाही म्हणालो, तर खोटं ठरेल.)

सोडायला गेलो त्या केंद्रात चौथ्या रात्री किंचाळत उठलो, तर म्हणाले, ‘नाटकं बंद कर.’ भूकंपाचं कुणी विचारलंच नाही. घरी आल्यावर पंधरवड्यात पुन्हा चिलीम.

दुसऱ्या खेपेला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी आधीच बजावलं: गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो, सोडला की ती उसळते. पहिला आठवडा घाम, चिडचिड, अन्न नको वाटेल. स्वप्नं महिनाभर, कदाचित जास्तही छळतील. तसंच झालं, पण या वेळी मला ते माहीत होतं. रात्री रक्तदाबाची एक गोळी दिली, तीच म्हणे वाईट स्वप्नांवरही देतात. आणि एक वही. स्वप्न दिवसा लिहायचं, शेवट बदलून. आजी वाचली असं लिहायला हात धजेना. स्वप्नात दार उघडत नसे. मी वहीतून ते दारच काढून टाकलं.

आता अकरा महिने झाले. पहाटे चारच्या सुमारास जाग येतेच. बायको दिवा लावते, मी चहा ठेवतो.

आमच्यासारखे पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात जात नाहीत. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा गुन्हा लागलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे मला वकिलानं सांगितलं, छापून आलेलं कधी वाचलं नाही. मानसिक त्रासासाठी सरकारचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या जप्तीच्या बातमीखाली एवढ्या दोन ओळी छापाल का?

आपला वाचक,
एक टेम्पोचालक, हडपसर
(नाव छापू नये, ही विनंती.)