भिंतीवर हात ठेवायला शिकवलंत, काका

ती. वायरमनकाकांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पैसे घेतले नाहीत. पेढ्यांचा पुडा आणला तर तो मजल्यावरच्या पोरांत वाटून टाकलात. "आभार मानायचेच असतील तर अजून चार जणांना सांग," एवढं म्हणालात आणि चपला घातल्यात. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आपल्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरात जुन्या इमारती पडून टॉवर उभे राहतायत, रोज कुणीतरी नव्या घरात सामान लावतंय, आणि दुपारभर कुठून ना कुठून ड्रिलचा आवाज येत असतो. तो ऐकला की मला हल्ली धडधडतं. त्या घरांपर्यंत हे पोचावं.

गोष्ट मागच्या श्रावणातली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. तिला स्वतंत्र खोली हवी म्हणून आम्ही हॉलचा एक भाग जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घालून वेगळा केला होता. रात्री बाथरूमला जाताना आधार हवा, म्हणून त्या पार्टिशनवर पॅसेजच्या बाजूने चार फुटांची स्टीलची दांडी बसवून घेतली. ज्यांनी बसवली त्यांनी भोकं पाडली, प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले आणि गेले. दिसायला सगळं पक्कं होतं. मी स्वतः ओढून पाहिलं होतं.

तिसऱ्या रात्री दांडी बोर्डाच्या तुकड्यासकट आईच्या हातात आली. तिनं दाराची चौकट धरली म्हणून बचावली, मनगट मात्र सुजलं. दिवा लावून धावत गेले तर ती खाली बसली होती आणि मला म्हणाली, "माझ्याच वजनानं मोडलं गं, नवं घर आहे तुमचं." बावन्न किलो वजन आहे तिचं. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

सकाळी लिफ्टमध्ये तुम्ही तिच्या मनगटाचं बँडेज पाहिलंत आणि न बोलावता घरी आलात. सहानुभूतीचे चार शब्द न बोलता आधी तो तुटलेला तुकडा उचललात, गिट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवलीत. "ही विटेत फुगते आणि वीट तिला दाबून धरते. इथे साडेबारा मिमीचा बोर्ड आहे आणि मागे हवा. हिनं धरायचं कुणाला?" मग माझाच हात धरून बोटांच्या पेरांनी भिंत वाजवायला लावलीत. टक टक, टक टक, पोकळ. अजून थोडं पुढे, आणि आवाज एकदम बसका झाला. "इथे आत उभा चॅनेल आहे. पार्टिशनचा सांगाडा. भिंत म्हणतो ती खरी हीच."

कानाला ऐकू आलं ते डोळ्यांना दाखवायला तुम्ही घरी जाऊन भिंतीच्या आत काय दडलंय ते शोधणारं मशीन घेऊन आलात, स्टड फाइंडर. मी हा शब्द तोवर अमेरिकेतल्या घरांच्या व्हिडिओंत ऐकला होता. तिकडे भिंतीत लाकडी खांब असतात, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १६ इंच, कुठे २४ इंच, आणि टीव्हीपासून कपाटापर्यंत सगळं त्या खांबांना अडकवतात. मला वाटायचं, आपल्या विटा-सिमेंटच्या मुंबईत याचं काय काम? पण आता आपल्याही घरांत पार्टिशन आलं, फॉल्स सीलिंग आलं, आणि आत लाकडाऐवजी जीआय पत्र्याचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचे, चॅनेल आले. आमच्या पार्टिशनमध्ये ते बरोबर दोन-दोन फुटांवर निघाले.

मशीन लावण्याआधी तुम्ही फ्रिजवरचं लोहचुंबक मागितलंत, ते मला फार आवडलं. दोरा बांधून भिंतीवरून सरकवलंत आणि ते एका जागी चिकटलं. बोर्ड चॅनेलला ज्या स्क्रूंनी ठोकलेला असतो, त्यातला एक स्क्रू पुट्टीच्या आत लपलेला होता. त्याच्या वर एक फुटाच्या आत दुसरा, खाली तिसरा. तिन्ही एका सरळ उभ्या रेषेत. "बाजारात जायच्या आधी घरात काय आहे ते बघ," म्हणालात. ज्यांच्या घरी फक्त पार्टिशन आहे, त्यांचं निम्मं काम दोन रुपयांच्या लोहचुंबकावर भागेल.

मग मशीन. इथे तुम्ही मला घाई करू दिली नाहीत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. साधं मशीन भिंतीच्या मागे किती भरीव आहे ते पाहतं. नुसता बोर्ड असेल तिथे विद्युतभार धरण्याची क्षमता एक, मागे चॅनेल किंवा लाकूड आलं की ती बदलते, आणि तो बदल ते बीप करून सांगतं. म्हणजे त्याला आधी रिकामी भिंत कशी असते ते कळायला हवं. मी सुरुवातच चॅनेलवर ठेवून केली होती. मशीननं चॅनेललाच शून्य मानलं आणि पुढे सगळीकडे गप्प राहिलं. मी म्हणाले, बिघडलंय वाटतं. तुम्ही शांतपणे ते उचललंत, एक वीत बाजूला टेकवलंत, बटण दाबलंत आणि मला परत दिलंत.

डावीकडून उजवीकडे हळू सरकवायचं, बीप झाला की पेन्सिलनं खूण. मग उजवीकडून डावीकडे, दुसरी खूण. दोन खुणांच्या मध्ये चॅनेल. हेच कमरेच्या, छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवर. तिन्ही ठिकाणी खुणा एकाखाली एक आल्या तर तो चॅनेल. एकाच ठिकाणी वाजलं आणि वर-खाली काहीच नाही, तर ते दुसरं काहीतरी आहे, तिथे हात लावायचा नाही. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा साधं वाटलं. त्यानंतर स्विचबोर्डच्या वर एक रेषा मिळाली जी चॅनेलच्या दोन फुटांच्या हिशेबात बसत नव्हती. ती तारेची नळी होती. मी त्याच जागी आईच्या देवघराची फळी लावणार होते.

तारांसाठी तुम्ही मशीनचं दुसरं बटण दाबलंत आणि मला खोलीतला पंखा, दिवे सगळं चालू करायला सांगितलंत. मला वाटलं होतं की आधी वीज बंद करायची. तुम्ही म्हणालात, शोधताना चालू, भोक पाडताना बंद. तारेत वीज नसेल तर मशीनला ती तार विजेची म्हणून कळणारच नाही. आणि शोधून झालं की त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा पेटीतला खटका, पाडायचा, टेस्टरनं खात्री करायची, मगच ड्रिल. सुरुवातीला तर अख्खी भिंतच लाल दाखवत होतं. तेव्हा तुम्ही माझा डावा तळहात मशीनच्या शेजारी भिंतीवर सपाट टेकवलात. लाल दिवा हळूहळू एका पट्ट्यापुरता उरला. भिंतीवर साठलेला स्थिर विद्युतभार हातातून निघून जातो म्हणालात. काका, एवढी वर्षं मी भिंतींच्या आत राहते आहे, पण भिंतीवर असा हात ठेवून ती काय सांगते ते ऐकण्याची ती पहिलीच वेळ.

तुम्ही मग परळच्या चाळीत काम शिकत होतात त्या उमेदवारीच्या दिवसांबद्दल बोललात. लाकडी पट्ट्यांवरून, क्लिपांत बसवलेल्या तारा भिंतीच्या बाहेरून जायच्या. खिळा कुठे मारायचा हे शेंबड्या पोरालाही दिसायचं. आता सगळं आत गेलं, भिंती गुळगुळीत झाल्या, आणि "माणसाला वाटतं आत काही नाहीच." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

सगळ्यात मोठे आभार मात्र तुमच्या नकाराबद्दल. चॅनेल सापडले, खुणा झाल्या, मी ड्रिल उचललं, आणि तुम्ही थांबवलंत. चॅनेलचा पत्रा जेमतेम अर्धा मिमीचा. त्यावर फोटो टांगा, हलकी फळी लावा. माणसानं तोल जाताना धरायची दांडी त्यावर लावायची नाही. मशीननं जागा दाखवली म्हणजे ती जागा वजन पेलेल असं नाही. तुमच्या ओळखीच्या सुतारदादांनी दुसऱ्या दिवशी आईच्या खोलीच्या बाजूने बोर्डाची आडवी पट्टी कापली, दोन-दोन चॅनेलच्या मध्ये १८ मिमी मरीन प्लायचे (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडचे) तुकडे बसवून चॅनेलला स्क्रूनं जखडले, बोर्ड परत लावला, पुट्टी मारली. दांडी त्या प्लायमध्ये बसली. उंचीसाठी तुम्ही टेप काढला नाहीत. आईला चपला घालून सरळ उभं केलंत, हात खाली सोडायला सांगितलात आणि तिच्या मनगटाशी खूण केलीत. आत प्लाय कुठून कुठपर्यंत आहे ते मी वहीत मापांसकट काढून ठेवलं आहे.

बाथरूमची भिंत वेगळी. आपल्या टॉवरच्या बऱ्याच भिंती सरळ काँक्रीटच्या ओतलेल्या आहेत, वर टाइल्स. तिथे मशीन सळ्यांवर सतत वाजत राहिलं. तुम्ही सळ्यांच्या जाळीच्या खुणा करून मधले रिकामे चौकोन दाखवलेत. पण जिथे ते वाजत नव्हतं तिथेच तुम्ही जास्त सावध होतात. पाण्याचे पाइप प्लास्टिकचे आहेत, धातू शोधणारं मशीन त्यांच्यावर गप्पच बसणार. नळापासून शॉवरपर्यंत आणि गिझरपर्यंतचे सरळ उभे पट्टे तुम्ही खडूनं आखलेत आणि त्यात भोक पाडायचं नाही म्हणून सांगितलंत. टाइल्स लागण्याआधी भिंतींचे फोटो काढून ठेवले असते तर हे सगळं पाच मिनिटांत झालं असतं. नवीन घराचं काम चालू असलेल्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते: आज संध्याकाळी जा आणि टेप शेजारी धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा.

पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर मशीनच्या बोलण्यावर फार विसंबू नये, हेही तुमचंच. ओल असली की सिग्नल पसरतो. आणि जुन्या इमारतीत तारा लोखंडी पाइपातून गेल्या असतील तर विजेचा दिवा लागणारच नाही, फक्त धातू म्हणून वाजेल. म्हणून धातूची प्रत्येक अनोळखी रेषा तारेची समजायची.

दिवाळीआधी मी स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा तुम्ही गुडघे दुखत असूनही माझ्याबरोबर स्लो लोकलनं मस्जिदला आलात. नागदेवी स्ट्रीटवर चार दुकानं फिरलो. तुम्ही खोका बघून एकही घेऊ दिलं नाहीत. काउंटरवर प्लायचा तुकडा ठेवायला लावून त्याखाली लोखंडी अँगल सरकवलात, मग तांब्याची नळी, मग दुकानदाराच्या पंख्याची चालू वायर, आणि प्रत्येक मशीन त्यावरून फिरवलंत. एक स्वस्तातलं मशीन चालू वायरवर कधी वाजत होतं, कधी नाही. ते तुम्ही लगेच बाजूला सारलंत. "न वाजणारं परवडलं, कधीतरी वाजणारं नको." शेवटी बॉशचं जीएमएस १२० घेतलं. लोखंड १२० मिमी खोलवर, तांबं ८०, चालू तार ५० आणि लाकूड ३८ मिमीपर्यंत, असं त्याच्या माहितीत लिहिलंय. तुम्ही मला त्यातला ५० चा आकडा बोट ठेवून दाखवलात: तार यापेक्षा खोल असेल तर हे सांगणार नाही. मुद्दाम तुमच्यासारखंच ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचं घेतलं, ती खालच्या दुकानातही मिळते.

ज्यांना रोज लागणार नाही त्यांनी विकत घ्यायलाच हवं असं नाही. एका विंगला एक पुरेल. माझं मशीन दाराजवळच्या खणात असतं, कुणीही बेल वाजवावी. परवा सातव्या मजल्यावरच्या ताईंना बाळाच्या खोलीत कपाट भिंतीला जखडायचं होतं. मी बरोबर गेले. पंखा-दिवे लावले, मशीन रिकाम्या जागी टेकवलं, आणि त्यांचा तळहात धरून भिंतीवर ठेवला.

आई रात्री दोनदा उठते. तिची अंगठी दांडीवर घासत जाते, त्याचा आवाज मला माझ्या खोलीत ऐकू येतो. ती बाथरूमपर्यंत पोचली, परत आली, हे मला पडल्या पडल्या कळतं.

रविवारी तिनं आंबोळ्यांचा बेत केलाय. काकूंना घेऊन नक्की या. तिनं सांगितलंय की या वेळी डबा भरून देणार आहे, आणि तो तुम्ही मजल्यावर वाटायचा नाही.

तुमची,
अकराव्या मजल्यावरची लेक