ताई, त्या संध्याकाळचे आभार राहिलेच होते

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चल, जेवून घे’ म्हणून फोन ठेवता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

सॉफ्टवेअर रिलीजच्या आदल्या संध्याकाळी, गिटमधल्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतल्या) आमच्या मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, कोणाचा तरी फोर्स पुश (सर्व्हरवरचं बाजूला सारून आपलंच चढवणं) झाला आणि बाकीच्यांचं दिवसभराचं काम सर्व्हरवरून गायब झालं. इकडे ऑफिसात नुसता गोंधळ. तुम्ही नाशिकहून फोनवर. पहिलं वाक्य, “कोणीही पुल करू नका.” म्हणजे सर्व्हरवरचं आणून आपल्या कामात मिसळू नका. दुसरं, “हे व्हायच्या जरा आधी फेच केलेलं आणि नंतर हात न लावलेलं मशीन कोणाचं?” (फेच म्हणजे सर्व्हरवरचं नुसतं आणून ठेवणं, कामात न मिसळता.) केलं कोणी, हे तुम्ही विचारलंच नाहीत.

मशीन निघालं टेस्टिंगवाल्या मुलीचं. ती चहाला गेली होती. तिच्या लॅपटॉपवरचं ओरिजिन/मेन, म्हणजे सर्व्हरवरच्या मेनची तिच्याकडची नोंद, अजून जुन्याच कमिटवर (जतन केलेल्या बदलावर) होतं. तिथूनच तुम्ही नवी ब्रँच काढायला लावलीत, आधी ती सर्व्हरवर पुश करून घेतलीत, मग फोर्स पुशमधल्या नव्या कमिट चेरी-पिक करून (एकेक निवडून उचलून) तिच्यावर चढवल्या. त्या मुलीनं फेच केलं असतं तरी रेफलॉगमधून (ब्रँच कधी कुठल्या कमिटवर होती याच्या नोंदवहीतून) जुनी कमिट मिळाली असती, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. बेअर रिपॉझिटरीत (सर्व्हरवर ठेवतात तशा, काम करायच्या फायली नसलेल्या कोठारात) मात्र रेफलॉग डिफॉल्टने बंद असतो, त्यामुळे सर्व्हरच्या भरवशावर राहायचं नाही.

पण खरे आभार त्या सुटकेपेक्षा नंतरच्या शिकवणीचे. ओरिजिन/मेन म्हणजे सर्व्हर नव्हे, ते आपल्याजवळचं पासबुक. शेवटची एंट्री मारली तेव्हाची शिल्लक दाखवतं. एवढं कळल्यावर कितीतरी कोडी सुटली. ‘अप टू डेट’ म्हणणारं गिट स्टेटससुद्धा नेटवर्कला न विचारताच बोलतं. आता मी आधी फेच करतो, हेड (मी सध्या आहे ती कमिट) आणि ओरिजिन/मेनमधला फरक लॉगमध्ये वाचतो, मगच मर्ज (दोन्हीकडचं एकत्र जोडणं) की रीबेस (आपल्या कमिट त्यांच्यावर नव्याने चढवणं) ते ठरवतो. पुल आणणं आणि मिसळणं ही दोन्ही कामं एका दमात उरकतो, म्हणून माझ्याकडे तो फक्त फास्ट-फॉरवर्डवर ठेवलाय, म्हणजे माझ्या वेगळ्या कमिट नसतील तरच तो पुढे सरकतो. (ऊठसूट रीबेस करायचं तुमचं मत मला अजून पटलेलं नाही. असो.)

फोर्स-विथ-लीजची (अट घातलेल्या फोर्स पुशची) गोम तर तुमच्याशिवाय कोणी सांगितली नसती. साधा फोर्स सर्व्हरवर काय आहे ते बघतच नाही. लीजवाला आपल्या ओरिजिन/मेनशी ताडून बघतो आणि मधे कोणाचा पुश झाला असेल तर नकार देतो. पण एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल, तर आपण दुसऱ्याचं काम पाहिलेलंही नसतं आणि लीज खुशाल वाट देतो! २०२० च्या डिसेंबरात आलेल्या गिट २.३० मध्ये त्यासाठीच फोर्स-इफ-इन्क्लूड्स हा लीजला जोडायचा पर्याय आहे. आमच्यातल्या निम्म्यांनी हे नावही ऐकलं नव्हतं.

मेनवरचा फोर्स पुश आता सर्व्हरवरच बंद केलाय. पुढच्या महिन्यात नवीन मुलं रुजू होतायत, त्यांच्यासाठी तुमचा एक तास हवाय. शनिवार सोडून कुठलाही वार सांगा. शनिवारी तुम्ही फोन उचलत नाही, ठाऊक आहे.

तुमचा,
पुणे ऑफिसातला धाकटा सहकारी