कोरलेल्या भोपळ्याच्या आतला रंग

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हॅलोविन जवळ आला की पुरवण्यांतून कृत्रिम भोपळ्यांवर कोरायच्या चेहऱ्यांचे नमुने आवर्जून छापले जातात. मात्र त्या भोपळ्यात उजेड कसा आणि कोणत्या रंगाचा असावा, याविषयी बहुधा एक ओळही नसते. मग रंग बदलत लुकलुकणारा तयार दिवा आत ठेवला जातो आणि मेहनतीने केलेले कोरीवकाम त्या झगमगाटात हरवते. रंगीत प्रकाशयोजना हा या कलेचा निम्मा भाग आहे, असे मला मनापासून वाटते.

हे भोपळे बहुधा पॉलियुरेथेन फोमचे किंवा पोकळ प्लॅस्टिकचे असतात आणि दोन्ही पेट घेतात, म्हणून आत मेणबत्ती कदापि ठेवू नये. तापलेल्या सुरीने फोम कापण्याची युक्तीही टाळावी, कारण पॉलियुरेथेन जळताना विषारी वायू बाहेर पडतात. बारीक दातांची करवत आणि तोंडावर मास्क हेच योग्य.

आतली भिंत नारिंगी असेल, तर निळा प्रकाश तिच्यातच जिरतो, कारण नारिंगी रंगद्रव्य नेमका तोच भाग शोषून घेते. त्यामुळे आतून आधी पांढरा, चकाकी नसलेला अॅक्रिलिक रंग द्यावा. एलईडीचे तोंड कोरलेल्या बाजूकडे न ठेवता मागच्या भिंतीकडे वळवावे, म्हणजे डोळ्यांना टोचणारा ठिपका न दिसता छिद्रांतून फक्त उजळलेली भिंत दिसते. पिवळसर पांढऱ्या दिव्यावर निळा जिलेटिन कागद गुंडाळून मात्र मनासारखा निळा मिळत नाही. कागद प्रकाशात रंग मिसळत नाही, तो बाकीचे रंग अडवतो, आणि अशा दिव्यात निळा मुळातच थोडा असतो. त्यापेक्षा निळा एलईडीच घ्यावा.

रंगांची निवडही विचाराने व्हावी. निळे किरण डोळ्यात दृष्टिपटलाच्या किंचित अलीकडेच एकत्र येत असल्यामुळे निळ्या प्रकाशातली बारीक नक्षी दुरून धूसर दिसते. दातांची किंवा अक्षरांची नाजूक रेघ नारिंगी उजेडात ठेवून निळा रंग मोठ्या डोळ्यांसाठी किंवा मागच्या भिंतीसाठी राखावा, हे उत्तम. अंधाराला सरावलेल्या नजरेला लाल रंग काळपट आणि निळसर हिरवा अधिक उजळ भासतो, म्हणून हिरवा नेहमी बेतानेच वापरावा.

या साऱ्यात मला सर्वाधिक मोह पडतो तो रंगीत सावल्यांचा. लाल, हिरवा आणि निळा असे ३ एलईडी एकमेकांपासून दोन बोटांच्या अंतरावर बसवून त्यांच्यासमोर पुठ्ठ्याचे वटवाघूळ उभे केले, की भिंतीवर एकाच आकाराच्या ३ सावल्या उमटतात: एक निळसर हिरवट, एक गुलाबी जांभळट आणि एक पिवळी. जिथे तिन्ही प्रकाश पोहोचतात तिथे भिंत पांढरीच राहते. हा देखावा कोणत्याही लुकलुकणाऱ्या दिव्याने साधत नाही.

यासाठी वीजजोडणी मात्र समजून करावी लागते. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, तर हिरव्या-निळ्याला सुमारे ३ लागतात. त्यामुळे दीड-दीड व्होल्टच्या २ सेलवर चालणाऱ्या भोपळ्यात सेल उतरू लागताच आधी निळा मावळतो आणि सगळे लालसर होत जाते. ३ सेल घेऊन प्रत्येक रंगाला स्वतंत्र रेझिस्टर (विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणारा छोटा भाग) द्यावा, लालसाठी जास्त रोधाचा आणि बाकी दोघांसाठी कमी रोधाचा.

लखलखाट हवाच असेल, तर तो सेकंदाला ३ वेळांपेक्षा अधिक नसावा, कारण काही व्यक्तींना त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो. बटण सेलचे झाकण तर स्क्रूनेच बंद होणारे असावे. लहान मुलाने तो सेल गिळल्यास २ तासांतच अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकते.

पुढील वेळी आपण कोरीवकामाचा नमुना छापाल, तेव्हा त्याच्या शेजारी दिव्यांच्या जागा, त्यांची दिशा आणि रंग दाखवणारी एक छोटी आकृतीही द्यावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक