जगिक गाण्यांवर सरसकट बंदी वचनात कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या तालमी सुरू झाल्या की मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चच्या स्थानिक समुदायांमध्ये) एक वाद हमखास डोके वर काढतो : विश्वासणाऱ्याने जगिक, म्हणजे भक्तिपर नसलेली, गाणी ऐकावीत की नाही? सभांमधून तरुणांना मोबाइलमधली सिनेमाची गाणी पुसून टाकायला सांगतात. लावणी, गोंधळ तर दूरच, साधे भावगीत ऐकणाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते. जालना, बीड, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या मंडळ्यांत गायनाची जबाबदारी सांभाळणारे आम्ही काही जण या विषयावर स्पष्ट लिहीत आहोत. या सरसकट बंदीला वचनाचा, म्हणजे बायबलचा, आधार नाही आणि तिची झळ आमच्या तरुणांना बसते.

आधी पवित्र शास्त्रच उघडू. गणना 21 मध्ये इस्राएल लोक रानात बैर इथे पोहोचतात आणि विहिरीला उद्देशून गातात : विहिरी, उसळून ये; सरदारांनी हिला खणले, काठ्यांनी खणले. इतकेच ते गाणे. गाण्याच्या शब्दांत देवाचे नाव नाही. पाणी लागल्याच्या आनंदाचे ते श्रमगीत आहे, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्याला ते समजावून सांगावे लागत नाही. 2 शमुवेल 1 मध्ये शौल राजा आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्यासाठी दाविदाने केलेला विलाप वाचा. मित्र गेल्याचे दुःख आहे, रणभूमीचे वर्णन आहे, पण देवाचा उल्लेख एकदाही येत नाही. तरी दाविदाने हे गीत यहूदाच्या लोकांना शिकवायला सांगितले. अथेन्समध्ये प्रेषित पौल (प्रेषितांची कृत्ये 17:28) ग्रीक कवींचा दाखला देतो. त्यातली ‘आपण त्याचा वंश आहोत’ ही ओळ अराटस या कवीची आहे आणि ती त्याने झ्यूस देवतेविषयी लिहिली होती. वाचल्या-ऐकल्याशिवाय ती पौलाच्या तोंडी आली नसणार.

उलट आमोस 5:23 मध्ये देव कोणती गाणी दूर करायला सांगतो? मंदिरातली, त्याच्याच नावाने गायलेली. कारण गाणाऱ्यांच्या गावात न्याय नव्हता.

बंदीच्या बाजूने बहुधा 1 योहान 2:15 पुढे केले जाते : जगावर व जगातल्या गोष्टींवर प्रीती करू नका. पण सोळावे वचन वाचल्याखेरीज पंधराव्यावर थांबू नये. जगातले म्हणजे काय ते तिथे सांगितले आहे : देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी. गाण्याची पारख करायला हे तीन निकष पुरेसे आहेत. बाईला वस्तू करणारे गाणे पहिल्या दोन्हींत नापास होते. तिसऱ्या निकषाकडे मात्र आपण सोयीने दुर्लक्ष करतो. आपल्या जातीची, आपल्या घराण्याच्या दराऱ्याची, तलवारीची आणि गाडीची बढाई मारणारी जी गाणी वरातीत वाजतात, ती शुद्ध फुशारकी आहेत. त्यांत एकही अश्लील शब्द नसतो म्हणून आमच्या लग्नांतही ती बिनदिक्कत वाजतात. बापलेकीवरचे, पावसावरचे, ऊसतोडीच्या हालांवरचे गाणे मात्र ‘जगिक’ ठरते. हा न्याय उलटा आहे.

करिंथ इथल्या मंडळीपुढेही असाच पेच होता, मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा. पौलाचे उत्तर (1 करिंथ 8 आणि 10) दोन भागांत आहे, आणि आपल्याकडे त्यातला एकच भाग सांगितला जातो. पहिला भाग : बाजारात जे विकते ते चौकशी न करता खा, कारण पृथ्वी प्रभूची आहे. दुसरा : ते मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नका. एसटी स्टँडवर, दुकानात, शेजारच्या मांडवात गाणे लागले म्हणून कान बंद करून पळायची गरज नाही. पण घरात पोतराजाचे जिणे मागे टाकून आलेला माणूस असेल आणि मरीआईच्या जत्रेतला हलगीचा ठेका ऐकताच तो कासावीस होत असेल, तर त्याच्या देखत तो ठेका वाजवू नये. दारू सोडलेल्या माणसाला जी गाणी बारच्या टेबलाशी नेऊन बसवतात, ती त्याच्यापुढे लावू नयेत. ही मर्यादा त्या माणसासाठी आहे. तिचा कायदा करून सगळ्या गावावर लादला, तर पौलाचा पहिला भाग खोडल्यासारखे होते.

मराठवाड्यात याला आणखी एक बाजू आहे. इथल्या पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे नातेवाईक बौद्ध किंवा मातंग समाजात आहेत. 14 एप्रिलला भीमगीते लागतात, 1 ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंतीचे पोवाडे होतात. ही गाणी माणसाला ताठ उभे राहायला शिकवतात. ती ऐकणे पाप आहे असे एखाद्या मुलाला सांगितले, तर आपले आजोबा-मामा ज्या लढ्यातून वर आले त्याची लाज बाळगायला आपण त्याला शिकवतो. फिलिप्पै 4:8 मध्ये जे सत्य, आदरणीय, न्याय्य त्याचे मनन करा असे म्हटले आहे. त्या यादीत ही गाणी खुशाल बसतात.

आता उपासनेतल्या गायनाचा प्रश्न. तो वेगळा आहे आणि वेगळाच ठेवला पाहिजे. घरी ऐकायला चालते ते सगळे वेदीसमोर चालत नाही. कॅथलिक चर्चमध्ये तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात मिशन प्रदेशातल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे म्हटले आहे. मात्र संगीताचा उपासनाकृतीशी जवळचा संबंध हवा, अशीही अट आहे. आमच्या मंडळ्यांत सध्या उलटाच प्रकार दिसतो. व्यासपीठावरून सिनेमाच्या गाण्यांवर टीका होते आणि लगेच त्याच चालीवर येशूचे नाव घातलेले गीत सुरू होते.

चाल उसनी घेणे मुळात वाईट नाही. हान्स लिओ हास्लर या जर्मन संगीतकाराने 1601 मध्ये एका प्रेमगीताला लावलेली चाल पुढे उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) गीताची झाली आणि थोर संगीतकार बाखने ती पुन्हा पुन्हा वापरली. आपल्याकडे रेव्ह. ना. वा. टिळकांनी (1861–1919) वारकऱ्यांचा अभंग आणि कीर्तन मंडळीत आणले, म्हणून मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या भाषेत गातो. याच टिळकांची जी कविता मराठी मुले शाळेत शिकली, ती माणसाने घायाळ केलेल्या पक्षिणीवर आहे. तिच्यात ख्रिस्ताचे नाव नाही, आणि तिची करुणा मात्र ख्रिस्ती माणसाला परकी नाही.

चाल निवडताना मात्र पारख लागते. एक साधा उपाय आहे : शब्द न सांगता पेटीवर फक्त मुखडा वाजवा. गायकवृंदातल्या कोणाच्या ओठांवर मूळ गाण्याचे शब्द आले किंवा कोणी गालात हसले, तर ती चाल सोडून द्या. प्रभुभोजनाच्या वेळी लोकांच्या डोळ्यांपुढे नायक-नायिका येणार असतील तर गीताचे शब्द कितीही चांगले असोत, ते वाया जातात. दुसरी अडचण पट्टीची. सिनेमाचे गाणे एका कसलेल्या गळ्यासाठी बांधलेले असते. सर्वसाधारण मंडळी षड्ज (सा) पेटीच्या काळी एक पट्टीवर धरला तर मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापासून तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जापर्यंत आरामात गाते, तार रिषभाला ओढाताण होते. अंतरा तार मध्यमाला गेला की मागच्या बाकांवरचे लोक गप्प होतात आणि उपासनेचा कार्यक्रम होऊन जातो. पट्टी दोन स्वर उतरवली तर मुखडा इतका खाली जातो की तोही ऐकू येत नाही. तिसरे म्हणजे मधले वाद्यसंगीत. ते सोळा-सोळा मात्रांचे असते, मंडळीला पुन्हा कुठे उचलायचे ते कळत नाही, आणि ट्रॅक लावला असेल तर तो कोणासाठी थांबत नाही. आठ मात्रांचा भजनी ठेका आणि ओवी-अभंगाची बांधणी यांत या तिन्ही अडचणी येत नाहीत. शिवाय ‘येशू’ या शब्दाची ओढाताण होऊन त्याचे दोन तुकडे होत नाहीत.

हलगीवाल्यांविषयीही बोलले पाहिजे. आमच्या मंडळ्यांत पिढीजात हलगी वाजवणारी घरे आहेत. जत्रेचे वाद्य म्हणून ती दाराबाहेर राहिली. पत्र्याच्या छपराखाली हलगी वाजवली तर आवाज घुमतो आणि शब्द बुडतात, हे खरे. म्हणून आत ढोलकी किंवा तबला असावा, तोही माइकशिवाय, आणि हलगी नाताळच्या मिरवणुकीत, मोकळ्या जागी, कातडे शेकून कडक वाजू द्यावी.

लग्नाबाबत थोडक्यात : चर्चमधला विधी आणि मांडवातला कार्यक्रम यांची सरमिसळ करू नये. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगे बंद ठेवण्याचा नियम आपल्यालाही लागू आहे. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये धार्मिक विधी आणि लग्नसमारंभात गाणी वाजवण्याला सूट आहे. पण सिनेमाच्या चालीवर स्वतःचे शब्द घालून ते यूट्यूबवर चढवणे त्या सुटीत बसत नाही. मग हक्कदाराचा दावा येतो आणि मेहनतीने केलेला व्हिडिओ उडतो.

घरातल्या ऐकण्याबाबत पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते की मुलाच्या मोबाइलमधली गाणी पुसण्याआधी त्यातले एक त्याच्याबरोबर बसून पूर्ण ऐका. शब्द कागदावर उतरवा आणि मोठ्याने वाचा. चाल काढून घेतली की कित्येक गाण्यांचा पोकळपणा मुलाला स्वतःलाच दिसतो, आणि काही गाणी कविता म्हणून उभी राहतात. ती राहू द्या. आपोआप पुढचे गाणे लावणारी सोय बंद ठेवा, कारण निवडलेले एक गाणे संपल्यावर न निवडलेली दहा कानावर पडतात. नुसती बंदी घातली तर मूल हेडफोन लावते आणि ते काय ऐकते हे घरात कोणालाच कळत नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चाळीस दिवस करमणुकीची गाणी बंद ठेवणारी घरे आहेत. ती शिस्त चांगलीच आहे, कारण त्यांनी ती स्वतःहून घेतलेली असते.

पाळकांना आणि सभांच्या वक्त्यांना आमची विनंती आहे की ‘जगिक गाणी’ या शीर्षकाखाली उपासना, लग्न आणि घर एकत्र करून बोलू नये. तिन्हींवर वेगवेगळे, वचन उघडून बोलावे, आणि त्या वेळी गायकवृंदातल्या तरुणांनाही प्रश्न विचारू द्यावेत.

– मराठवाड्यातील काही मंडळ्यांचे गायनप्रमुख, जालना