हाडांच्या इंजेक्शनांसाठी ४ लाख ९० हजार हवेत : सभासद व हितचिंतकांना विनंती

सप्रेम नमस्कार.

पत्र घाईत लिहितोय. जमाखर्चाची वही समोर उघडी आहे आणि पुढच्या महिन्याच्या इंजेक्शनांचे पैसे तिच्यात दिसत नाहीत.

रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी आपण काय करतो ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. २०१९च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली असताना शिरोळकडच्या छावण्यांत आपल्या पोरांनी ट्रॅक्टरवरून गोळ्या पोचवल्या. ट्रॅक्टर, डिझेल, वर भडंगाची पोती, सगळं मार्केट यार्डातल्या आपल्या गूळ अडत्यांचं होतं. पावतीवर नाव घालू दिलं नाही, म्हणून इथंही घालत नाही. कसबा बावड्यातल्या बचत गटाच्या ताईंनी कांदा-लसूण चटणी विकून पहिला वॉकर आणला. तो अजून फिरतोय. कार्यालयात त्याला ‘चटणीचा वॉकर’ म्हणतात, आणि सध्या तो नवव्या रुग्णाकडं आहे.

आणि मंगळवार पेठेतले वस्ताद. राधानगरीकडच्या एका मावशीच्या पाठीत दुधाची किटली उचलताना कळ आली. चार महिने उसण भरली म्हणून शेक, लेप, पट्टा चालला. शेवटी लेकानं त्यांना वस्तादांकडं मालिशला आणलं. वस्तादांनी पाठीवरून नुसती बोटं फिरवली आणि हात मागं घेतला. “ही उसण न्हवं. मी हात लावत न्हाई. आदी फोटो काढा.” फोटोत मणका दबलेला निघाला, पुढं रक्ताच्या आणि मज्जेच्या तपासणीत मायलोमा, म्हणजे हाडातल्या मज्जेत होणारा रक्ताचा कॅन्सर. त्या दिवशी जोरात मालिश झाली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. आज मावशी डेअरीपर्यंत चालत जातात, किटली नातू उचलतो. वस्तादांचं पाकीट दरवर्षी जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर न चुकता येतं.

हे एवढं लांबवलं, कारण एका जुन्या देणगीदारांनी परवा विचारलं, “केमोला देतो हो, कॅल्शियमला कशाला?” हाडांच्या इंजेक्शनांना ते कॅल्शियम म्हणतात. राग आला नाही, पण लागलं. मायलोमात बिघडलेल्या पेशी हाड पोखरणाऱ्या पेशींना चिथावतात आणि हाड बांधणाऱ्यांना दाबून ठेवतात. लिंफोमा आणि ल्युकेमिया या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरांत उपचारातली स्टेरॉइडंच हाडाची घनता उतरवतात, मज्जा प्रत्यारोपणानंतर तर पहिल्या वर्षभरात ती झपाट्यानं घसरते. मग न्हाणीत पाय घसरला की खुब्याचं हाड जातं. माणूस अंथरुणाला खिळतो, केमो लांबते, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. आजार आटोक्यात असताना पेशंट असा हातचा गेलेला आम्ही पाहिलाय.

ब्रिटनमध्ये मायलोमाच्या १,९६० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१० साली ती छापून आली. केमो सगळ्यांनाच होती. हाडांसाठी निम्म्यांना झोलेड्रोनिक ॲसिड, म्हणजे आपण देतो तेच इंजेक्शन, बाकीच्यांना क्लोड्रोनेटच्या गोळ्या. झोलेड्रोनिकवाल्यांची हाडं तर कमी मोडलीच, शिवाय ते सरासरी साडेपाच महिने जास्त जगले. साडेपाच महिने म्हणजे एखाद्या घरात नातीचं लग्न. औषध ४ मिलिग्रॅम, शिरेतून, किमान १५ मिनिटं. आधी किडनीची तपासणी आणि दात दाखवणं सक्तीचं, नाहीतर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा मशीनवर टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली आला की हाडं ठिसूळ समजायची. मायलोमाची भोकं मात्र डेक्सात दिसत नाहीत, त्याला सीटी लागतो, म्हणून खर्च दुहेरी.

गेल्या दिवाळीला एवढी पत्रं पाठवली, उत्तरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. फुटबॉलला आणि मिरवणुकीच्या वर्गणीला नाही म्हणणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्मायचाय. आम्हीही देतो, हौसेनं देतो. पण आमच्या पत्राला निदान ‘यंदा जमत नाही’ एवढं तरी लिहा की राव.

आता हिशेब. ४० रुग्ण, तपासण्या-इंजेक्शनं-गाडीभाडं धरून माणशी वर्षाला अंदाजे ₹२०,०००, म्हणजे ८ लाख. जमा ३ लाख १० हजार, उरलेले या महिनाअखेरीपर्यंत हवेत. रोख, चेक, यूपीआय काहीही चालेल. खाते क्रमांक कार्यालयातल्या फलकावर आहे, वेळ सायंकाळी ५ ते ७:३०, गुरुवारी बंद. पावती मागून घ्या. पैसे नसतील तर मंगळवारी सकाळी गाडी आणि ड्रायव्हर द्या, राधानगरी-गगनबावड्याहून येणाऱ्यांना एसटीचे धक्के सोसत नाहीत. दातांचे डॉक्टर कोणी ओळखीचे असतील तर महिन्यातून एक दुपार मागून बघा.

आपला,
चिटणीस

ता. क. : दोन कमोड खुर्च्या आणि एक कमरेचा पट्टा गेल्या पावसाळ्यापासून परत आलेला नाही. कोणाकडं आहेत ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, आणून ठेवा.